प्लग बदलण्याआधी

किक मारून मारून पाय दुखला, गाडी सुरू होत नाही. ढकलत गॅरेजवर न्यावी तर नीट पाहण्याआधीच उत्तर तयार असतं, "प्लग टाका, कॉइलही बदलून घ्या." माझी तक्रार खर्चाबद्दल नाही, तपासण्याआधी बदलण्याच्या सवयीबद्दल आहे. ही सवय गॅरेजपुरती राहिलेली नाही, म्हणून मास्तराने त्यावर लिहायचं.

जुनी, पॉइंटवाली बुलेट घ्या. गाडी बंद पडली तर पहिला प्रश्न एकच, पेट्रोल येत नाही की करंट येत नाही? प्लग काढून पाहिला की अर्धं उत्तर मिळतं. प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, पण पेटत नाही. मग तोच प्लग पुसून कॅपमध्ये बसवायचा, त्याचं अंग इंजिनाच्या धातूला टेकवायचं आणि किक मारायची. प्लगच्या छिद्रापासून हे सगळं दूर करायचं, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. ठिणगी निळसर आणि कडक असेल तर करंट ठीक. पिवळट, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर मागे मागे जात शोध घ्यायचा.

इथे जुन्या बुलेटचा अ‍ॅमीटर कामाला येतो. दिवा बंद ठेवून चावी फिरवा आणि हाताने किक सावकाश दाबा. पॉइंट मिटले की काटा उणेकडे झुकतो, उघडले की मध्यावर परततो. काटा असा हलत असेल तर बॅटरी, स्विच, कॉइलची आतली वाट आणि पॉइंट इथवर करंट येतोय. दोष पुढे असणार, म्हणजे कंडेन्सर, कॉइलची दुसरी बाजू, जाड वायर, कॅप किंवा प्लग यांत. काटा हललाच नाही तर बॅटरी, फ्यूज, स्विच, सुटलेली तार किंवा पॉइंटवरची काजळी पाहायची. काटा उणेकडेच अडकून बसला तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा तार कुठेतरी बॉडीला लागली आहे. एक पानाही न उचलता निम्मा रस्ता तपासून झाला.

पुढचंही असंच. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून पुसायचे, फट फिलर गेजने 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवायची. पॉइंटवरच मोठ्या ठिणग्या उडत असतील आणि ते वारंवार जळत असतील तर संशय कंडेन्सरवर. गाडी थंड असताना चालते, तापली की बंद पडते आणि निवली की पुन्हा चालते, तर कॉइल किंवा कंडेन्सर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा पाहायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुरू होईलही, पण दोष कुठे होता ते कुणालाच कळणार नाही.

बी.एड.ला आम्हाला नैदानिक चाचणी शिकवली होती. मूल गणितात कच्चं आहे असं म्हणून थांबायचं नाही, ते हातच्याला अडतं की भागाकाराला, हे आधी शोधायचं. उर्दूत निदानाला तशखीस म्हणतात. शख्स हा शब्द त्याच धातूतला. प्रत्येकाला वेगळं ओळखणं हा त्यातला अर्थ मला फार आवडतो. आपण मात्र मुलाची शाळा बदलतो, माध्यम बदलतो, ट्यूशन बदलतो. अडलं कुठे, हे पाहत नाही.

आमच्या मोहल्ल्यांत एक वाक्य नेहमी कानावर येतं, "सर, याचं डोकं चालत नाही, हात चालतो. गॅरेजवर घातलं तर शिकेल." मला हे वाक्य मान्य नाही. काट्याची हालचाल पाहून दोष अलीकडे आहे की पलीकडे हे ओळखणं हे डोक्याचंच काम आहे. फॅरडेने 1831 साली दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन दहावीच्या विज्ञानात आहे. पॉइंट उघडताच कॉइलमधला करंट तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात, ते याच नियमाने. शाळेत मुलगा हे पाठ करतो आणि कॉइल कधी पाहत नाही. गॅरेजवर तो रोज कॉइल हाताळतो आणि नियमाचं नाव त्याला कुणी सांगत नाही. दोन्हीकडे तो अर्धाच शिकतो.

हे अर्धं शिक्षण आता परवडणारं नाही. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर गेला. आता सेन्सर आहेत, दोषाचा कोड वाचायचा असतो, वायरिंगचा नकाशा समजावा लागतो. ज्याला वाचता येत नाही तो कितीही हुशार असो, त्याच्या हातात पंक्चर आणि ऑइल बदलणं एवढंच उरेल. उस्तादकडून शागिर्दाकडे आलेला हुनर मोठा आहे, पण तो कागदावर उतरला नाही तर एका पिढीनंतर संपतो.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे की मुलाला गॅरेजची आवड असेल तर ती मारू नका, पण दहावी होऊ द्या आणि त्यानंतर आयटीआयचा रस्ता पाहा. उस्तादांना विनंती आहे की पोराला नुसतं "पाना दे" म्हणू नका, "दोष कुठे असेल, सांग" असं विचारा. आणि आम्हा शिक्षकांनी भंगारातून एक जुनी कॉइल आणि पॉइंटचा एक सेट आणून वर्गातल्या टेबलावर ठेवावा. शेवटच्या बाकावरचा जो पोरगा वर्षभर गप्प असतो, त्या दिवशी पहिला हात त्याचाच वर येण्याची शक्यता आहे.