गाठ, लहरी आणि लाज

मागच्या पावसाळ्यात आमच्या महिला मंडळाच्या हॉलमध्ये एक शिबिर झालं. पत्रकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'स्तनांच्या कर्करोगाची आधुनिक लहरींनी तपासणी. स्पर्श नाही, वेदना नाही, क्ष-किरण नाहीत.' ती पत्रकं घरोघरी वाटणाऱ्यांत मीही होते. म्हणूनच आज हे लिहिणं मला भाग आहे.

आमच्या शेजारच्या वहिनी पन्नाशीच्या पुढच्या. अंघोळ करताना त्यांच्या हाताला वाटाण्याएवढी गाठ लागली होती, पण त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. पत्रकातलं 'स्पर्श नाही' वाचून त्यांना धीर आला. शिबिरात गेल्या, दहा मिनिटांत 'काळजीचं कारण नाही' असा कागद घेऊन बाहेर आल्या. तो कागद कपाटात गेला आणि गाठ होती तिथेच राहिली.

दिवाळीच्या आधी आम्ही दोघी चकल्या पाडत होतो. वहिनी सहज बोलून गेल्या, "अगं, गाठ थोडी वाढल्यासारखी वाटते. पण मशीनने ठीक सांगितलंय ना!" माझ्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. हाताने तपासणी, मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी. निदान कर्करोगाचंच झालं. आता उपचार चालू आहेत आणि वहिनी धीराच्या आहेत. पण मधले चार महिने त्या एका कागदाच्या भरवशावर गेले, हे मला विसरता येत नाही.

माझी भाची इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअर आहे. तिला ते पत्रक दाखवलं, यंत्राचं वर्णन सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, ते यंत्र कसल्या लहरी पाठवतच नव्हतं. तो अंगाची उष्णता टिपणारा कॅमेरा होता." अशी उष्णतेची तपासणी मॅमोग्राफीला पर्याय नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये स्पष्ट शब्दांत दिला होता, हेही तिच्याकडूनच कळलं.

"म्हणजे लहरींची तपासणी हे सगळं थोतांडच का?" मी विचारलं.

"नाही गं. ते खरं शास्त्र आहे. फक्त ते अजून आपल्या हॉलपर्यंत पोचलेलं नाही."

मग तिने मला ते समजावलं. मी बी.ए. झालेली. 'डायइलेक्ट्रिक' हा शब्द ऐकूनच माझं लक्ष उडणार होतं. पण तिने सुरुवात केली माझ्या ओट्यावरून. मायक्रोवेव्हमध्ये उपमा ठेवला की उपमा वाफाळतो, खालची काचेची बशी तापते ती उपम्यामुळे. असं का? उपम्यात पाणी आहे, काचेत नाही. विजेच्या लहरींना प्रत्येक पदार्थ वेगळा प्रतिसाद देतो आणि तो आकड्यात मांडता येतो. साध्या पाण्याचा आकडा ८० च्या आसपास, चरबीचा त्या लहरींना १० च्या आत. स्तनात चरबी पुष्कळ असते आणि कर्करोगाच्या गाठीत पाणी जास्त. तेव्हा अगदी क्षीण लहर सोडली, तर ती चरबीतून बरीचशी सरळ जाईल आणि गाठीपाशी विखुरली जाईल. ओढ्याच्या पाण्यात दगड दिसत नसला, तरी वरच्या तरंगांवरून तो कुठे आहे ते कळतं ना, तसंच.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी २००० साली असं यंत्र प्रत्यक्ष स्त्रियांवर वापरून पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. बाईने टेबलावर पालथं झोपायचं, खाली द्रवाचं भांडं आणि त्यात गोलाकार १६ अँटेना. एक अँटेना लहर सोडणार, बाकीचे ऐकणार, मग पुढचा सोडणार. द्रव कशाला? हवेतून आलेली लहर बरीचशी कातडीवरूनच परत फिरते, म्हणून. सोनोग्राफीच्या आधी जेल लावतात, त्यातलाच हा प्रकार. शेवटी विखुरलेल्या लहरींवरून कॉम्प्युटर उलटा हिशोब मांडतो, की आत काय असेल तर लहरी अशा विखुरतील? हा उलटा हिशोबच फार अवघड. वेगवेगळ्या चित्रांतून जवळजवळ सारख्याच लहरी बाहेर पडू शकतात.

त्याहून मोठी अडचण पुढे आली. २००७ मध्ये विस्कॉन्सिन आणि कॅल्गरी इथल्या विद्यापीठांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या स्तनांच्या ऊतींची मापं प्रसिद्ध केली. चरबी आणि गाठ यांच्यातला फरक दहापटीपर्यंत निघाला, पण दुधाच्या ग्रंथींचा भाग आणि गाठ यांच्यातला फरक जेमतेम दहा टक्के! यंत्राला फरकच दिसतो, आणि जिथे फरक थोडा तिथे चित्र धूसर. तरुण स्त्रियांचे स्तन बहुधा ग्रंथींनी दाट असतात. तिथे मॅमोग्राफीही अडखळते, कारण दाट भाग पांढरा आणि गाठही पांढरी. लहरींकडून सगळ्यात मोठी आशा होती ती इथेच, आणि इथेच त्यांनाही झगडावं लागतंय.

तरी हे संशोधन व्हायलाच हवं, असं मी ठामपणे म्हणते. मॅमोग्राफीत स्तन दाबला जातो, दुखतं, क्ष-किरणही असतात. बाईला त्रास न देणारं यंत्र शोधण्यासाठी कुणी वीस-पंचवीस वर्षं खपत असेल, तर त्याचं कौतुकच आहे. ब्रिटन-आयर्लंडमध्येही अशी यंत्रं रुग्णांवर तपासून पाहिली गेली आहेत. पण मॅमोग्राफीची जागा घेण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही. शास्त्रज्ञ हे प्रामाणिकपणे सांगतात. पत्रक छापणारे सांगत नाहीत.

आणि पुरावा असलेली साधी गोष्ट तर आपल्या मुंबईतच आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ पासून दीड लाखाहून जास्त स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या गटात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, फक्त हातांनी स्तन तपासले. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासलेल्या गटात रोग कमी वाढलेला असतानाच सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मृत्यू घटल्याचं दिसलं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. ना यंत्र, ना वीज. फक्त शिकलेले हात. तिशीपुढच्या स्त्रियांची अशी तपासणी सरकारी कार्यक्रमातही आहे. आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा तरी!

मग आपण का जात नाही? कारण 'स्पर्श नाही' हे शब्द आपल्याला हवेसे वाटतात. आपली लाज कुणीतरी ओळखली आहे आणि तीच विकायला काढली आहे. खोटं यंत्र चालतं ते आपल्या गप्प बसण्यावर. मीही त्याला हातभार लावला, पत्रकं वाटून.

आता आमच्या मंडळाने ठरवलंय. शिबिर घेणाऱ्याला आधी तीन प्रश्न विचारायचे. हे यंत्र नेमकं काय मोजतं? किती स्त्रियांवर आणि कशाशी ताडून पाहिलंय? आणि एखादीला गाठ लागली, तर तिला हाताने तपासणारं कोण आहे? उत्तर नसेल तर हॉल मिळणार नाही.

मैत्रिणींनो, गाठ हाताला लागली असेल तर कुठल्याही यंत्राचा 'ठीक'चा कागद पुरेसा नाही, डॉक्टरांकडे जायचंच. परवा वहिनींना भेटायला गेले, तर डोक्याला रुमाल बांधून त्या सुनेला दटावत होत्या, "लाजतेस काय गं? दाखवून ये डॉक्टरांना. मी लाजले, त्याचं काय झालं बघतेयस ना!"