उपवास आणि उपासमार

१/ मराठीत ‘उपास’ या शब्दापुढे ‘मार’ लागला की अर्थ उलटतो. उपास माणूस स्वतः धरतो. उपासमार त्याच्यावर लादली जाते. आमच्या शहापूर-मुरबाडकडे श्रावणात हा भेद डोळ्यांना दिसतो. गावात सोमवार पाळले जातात. कातकरवाडीत वीटभट्ट्या बंद असल्याने हाताला काम नसते आणि घरातले धान्य सरत आलेले असते.

२/ ख्रिस्ती प्रार्थना-उपवासाचा इतिहासही याच भेदातून वाचावा, असे माझे मत आहे. त्यासाठी घाट ओलांडून पुणे जिल्ह्यातील केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात जावे लागेल.

३/ आधी परंपरा पाहू. भुकेल्याला अन्न न देणारा उपवास देवाला मान्य नाही, असे यशया संदेष्टा बजावतो. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला. पण लोकांना दिसावा म्हणून उपवास करू नका, अशी त्याची शिकवण मत्तयच्या शुभवर्तमानात आहे.

४/ दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात तर हिशेबच मांडला आहे : उपवासाच्या दिवशी फक्त भाकर-पाणी घ्यावे, वाचलेल्या जेवणाचा खर्च मोजावा आणि तो विधवेला किंवा अनाथाला द्यावा. एकाचा उपवास म्हणजे दुसऱ्याचे जेवण.

५/ आता रमाबाई. जन्म १८५८. तीर्थयात्रा, व्रते, दानधर्म यांत आयुष्य घालवलेले त्यांचे कुटुंब दक्षिणेतील दुष्काळात सापडले. पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढलेल्या अकरा दिवसांविषयी त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. आई, वडील आणि बहीण थोड्याच काळात गेली.

६/ १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातमधील दुष्काळपीडितांची भर पडली. केडगावला शेती, विहिरी, विणकाम, छापखाना उभा राहिला.

७/ मग १९०५ उजाडले. जानेवारीत सुमारे सत्तर जणी रोज प्रार्थनेला जमू लागल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस तेथे ‘संजीवन’ घडले : अश्रू, पापांची कबुली, एकाच वेळी मोठ्याने चाललेल्या प्रार्थना.

८/ या घटनेला कोणी चमत्कार म्हणतो, कोणी सामूहिक उन्माद. त्या वादात एक साधी गोष्ट विसरली जाते. प्रार्थना करणाऱ्यांपैकी अनेक जणी उपासमारीतून आल्या होत्या आणि त्यांना आधी अन्न मिळाले होते. केडगावला चूल प्रार्थनेच्या आधी पेटली होती.

९/ येथे एक सावधगिरी हवी. रमाबाईंचे आत्मकथन धर्मांतरानंतरचे आणि श्रद्धेची साक्ष देण्यासाठी लिहिलेले आहे. त्यावरून त्यांच्या आईवडिलांच्या श्रद्धेला कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. शिवाय निराधाराला दिलेले अन्न आणि त्यालाच सांगितलेला धर्म यांतील असमान नात्याचा प्रश्न इतिहासकाराने विचारलाच पाहिजे.

१०/ तरीही माझा निष्कर्ष असा : उपवासाला अर्थ येतो तो भरलेल्या ताटावरून उठण्याच्या स्वातंत्र्यामुळे. ज्याच्यापुढे ताटच नाही, त्याला संयमाचा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे. म्हणून कोणत्याही धर्माचा उपवास अभ्यासताना एक प्रश्न विचारावा : वाचलेली भाकर कोणाच्या घरी पोहोचली? श्रावणातल्या कातकरवाडीसमोर हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहत नाही.