निरोगी मेंदूंवरील चाचण्या : फसलेल्या प्रयोगांचे ऋण

१/ विजयांचे स्तंभ उभारले जातात. फसलेले प्रयोग तळटीपेत जातात. आल्झायमर रोखण्यासाठी धडधाकट वृद्धांवर झालेल्या चाचण्यांना मात्र हा न्याय लावणे अन्यायाचे ठरेल.

२/ १९०६ साली जर्मनीतील ट्युबिंगेन येथे आलोइस आल्झायमर यांनी आउगुस्ट डेटर या मृत रुग्णेच्या मेंदूतील विकृती विद्वानांसमोर मांडल्या. पुढे कित्येक दशकांनी उमगले की अमायलॉइड हे प्रथिन स्मृती ढळण्याच्या अनेक वर्षे आधीपासून मेंदूत साचत असते. मग रोगाला वाटेतच अडवायचे, तर औषध निरोगी माणसालाच द्यावे लागणार. पेच येथेच आहे : ज्याला काही झालेले नाही, त्याने धोका का पत्करावा?

३/ या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील एका चाचणीत सापडते. रजोनिवृत्तीनंतर दिलेली संप्रेरके स्मृती राखतात, असा समज बळावला होता. ६५ वर्षांवरील ४,५३२ स्त्रियांवर तो पारखला गेला. २००३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष नेमका विरुद्ध निघाला : इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट होता. चाचणी झाली नसती, तर तोच समज उपचार म्हणून चालत राहिला असता.

४/ २००८ साली गिंकोच्या अर्काची पाळी आली. ७५ वर्षांवरील ३,०६९ जणांनी वर्षानुवर्षे गोळ्या घेतल्या. स्मृतिभ्रंश टळला नाही.

५/ २०१४ मध्ये ‘ए-फोर’ चाचणी सुरू झाली. ६५ ते ८५ वयाचे, लक्षणे नसलेले, पण मेंदूत अमायलॉइड साचलेले १,१६९ जण तीत सहभागी झाले. आपल्या मेंदूत काय साचले आहे, हे जाणून घेऊन त्यांनी सुमारे साडेचार वर्षे सोलानेझुमॅब किंवा औषधविरहित द्रव टोचून घेतला. २०२३ साली निकाल लागला : औषधाने ऱ्हास मंदावला नाही.

६/ याला पराभव म्हणणे उथळपणाचे आहे. पराभव तेव्हा झाला असता, जेव्हा निकाल दडवला गेला असता. मात्र या स्वयंसेवकांचे ऋण फेडायचे, तर दोन अटी पाळाव्याच लागतील : निरोगी माणसाला धोक्याची पूर्ण कल्पना द्यावी आणि प्रतिकूल निष्कर्षही तितक्याच ठळकपणे छापावा.

७/ ‘स्मरणशक्ती वाढवणारी’ बाटली विकणाऱ्यास म्हणूनच एकच प्रश्न विचारावा : हे किती जणांवर, किती वर्षे पारखले? तो विचारण्याचा अधिकार त्या वृद्धांनी मिळवून दिला आहे.