आरोग्याच्या गप्पा: मेंढ्यांचा डाळभात



या खेपेस माणसांचं नाही, मेंढ्यांचं पथ्यपाणी सांगते. माझा भाचा उत्तर नेगेवमधल्या मोशावावर मेंढ्या पाळतो. एका सकाळी त्याने उपाशी मेंढ्या कोवळ्या आस्पेसेतमध्ये, म्हणजे आपल्या लसूणघासात सोडल्या. दंव अजून सुकलं नव्हतं. थोड्याच वेळात दोघींची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली. पशुवैद्य येईपर्यंत एक गेली, दुसरी वाचली. मी तिथेच होते. इतकी वर्षं नर्सिंग केलं, पण त्या मुक्या जिवापुढे माझं काही चाललं नाही.

दोष लसूणघासाचा नव्हे. मेंढीला नुसतं गवत म्हणजे आपल्याला नुसता भात. शेंगवर्गीय चारा ही तिची डाळ. त्यातून प्रथिनं मिळतात, दुधाला जोर येतो. पण असा ओला, कोवळा चारा उपाशीपोटी भरपूर खाल्ला की वायूचा फेस होतो, ढेकर निघत नाही, फुगलेलं पोट छातीवर दाबतं आणि श्वास कोंडतो. म्हणून आधी वाळलेला चारा द्यावा, दंव सुकू द्यावं, आणि हिरव्याची सवय हळूहळू लावावी. गावी आमची आईसुद्धा शेळ्यांना भिजलेला वालाचा पाला घालत नसे. कारण विचारलं तर म्हणे, "पोट धरतं त्यांचं."

लसूणघासाला पाणीही फार लागतं. भाच्याने आता बिकिया धरली आहे. ती हिवाळी पावसावर येते. ओटसोबत पेरली की वेल ओटच्या आधाराने चढतो. फुलोऱ्यात कापून वाळवली की पोटफुगीची भीती फारशी राहत नाही. शिवाय तिच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र साठतो, त्यामुळे पुढच्या गव्हाला बेवड चांगली मिळते.

इटलीत दुधाच्या मेंढ्यांना सुल्ला नावाचा चारा देतात. सेनफॉईन हा त्याच कुळातला. या दोन्हींत टॅनिन, म्हणजे सुपारीत असतो तसा तुरटपणा असतो. तो प्रथिनांना धरून ठेवतो, म्हणून फेस होत नाही आणि हिरवा चरला तरी पोट फुगत नाही. मात्र तुरटपणा फार झाला तर मेंढी खाणंच कमी करते. औषधासारखंच, प्रमाण महत्त्वाचं.

ज्यांची मुलं-नातवंडं मेंढ्या पाळतात त्यांनी हे त्यांना जरूर वाचून दाखवा. त्यांना मराठी वाचता येत नाही ना!