रोमची आकडेमोड आणि बारीपाड्याची भाजी

दरवर्षी १६ ऑक्टोबरला जागतिक अन्न दिन साजरा होतो. १९४५ साली याच दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेची स्थापना झाली. रोमच्या मुख्यालयात त्या दिवशी भुकेविषयी गंभीर चिंता व्यक्त होते. या चिंतेचा इतिहास मात्र तपासून पाहण्यासारखा आहे.

१९९६ च्या रोम परिषदेत जगातील भुकेल्यांची संख्या २०१५ पर्यंत निम्म्यावर आणण्याची प्रतिज्ञा झाली. चारच वर्षांनी सहस्रक विकास उद्दिष्टे ठरली, तेव्हा 'संख्या' हा शब्द गळाला, त्याजागी 'प्रमाण' आले आणि मोजणीचा आरंभ मागे १९९० वर नेण्यात आला. लोकसंख्या वाढत असताना संख्येपेक्षा प्रमाण घटवणे सोपे, हे शाळकरी मुलालाही कळते! २०१५ उलटले आणि २०३० पर्यंत 'शून्य भूक' ही नवी घोषणा आली. याच संस्थांच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ साली जगातील सुमारे ६७ कोटी माणसांना पुरेसे अन्न मिळत नव्हते.

मुदती पुढे ढकलणे एकवेळ क्षम्य मानता येईल. परंतु भुकेल्यांसाठी धान्य साठवणाऱ्या देशाचा हात धरणे, याला काय म्हणावे? जागतिक व्यापार संघटनेच्या नियमानुसार, हमीभावाने धान्य खरेदी करणाऱ्या भारतासारख्या देशाला त्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपलीकडे अनुदान देता येत नाही. हे अनुदान मोजताना तुलनेसाठी धरलेली किंमत आहे १९८६ ते १९८८ या वर्षांची! आजचा हमीभाव त्या काळच्या किमतीशी ताडला, की फरकाची सारी रक्कम 'व्यापारविकृती' ठरते. २०१३ साली भारताने अन्नसुरक्षा कायदा केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बालीच्या परिषदेत भारत ठाम राहिला, म्हणून तात्पुरते संरक्षण मिळाले. कायमचा तोडगा २०२४ च्या अबुधाबी परिषदेतही निघाला नाही. स्वतःच्या शेतकऱ्यांवर प्रचंड अनुदाने उधळणारी श्रीमंत राष्ट्रे शिधापत्रिकेवरील गव्हाचा हिशेब मागतात, हा या व्यवस्थेतील खरा विनोद आहे.

याच व्यवस्थेच्या एका संस्थेला, आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीला, २००३ साली धुळे जिल्ह्यातील एका पाड्याचा गौरव करावा लागला. साक्री तालुक्यातील बारीपाडा हे सुमारे शंभर उंबऱ्यांचे वनवासी गाव. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी भोवतालचे डोंगर उघडे पडले होते. बायकांची पाण्यासाठी पायपीट, पुरुषांची रोजगारासाठी भटकंती हे नित्याचेच होते. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतलेले चैत्राम पवार नोकरीच्या मागे न जाता गावात राहिले. वनवासी कल्याण आश्रमाची साथ मिळाली. गावाने स्वतःच नियम केले : कुऱ्हाड बंद, जंगलात बैलगाडी नेण्यास मनाई, झाड तोडणाऱ्याला दंड आणि तोडीची खबर देणाऱ्याला बक्षीस. दंड कोणाला झाला, हे साऱ्या गावासमोर कळत असे. त्या लाजेचा धाक शिक्क्याच्या नोटिशीला कधी येणार? चारशेहून अधिक हेक्टर जंगल पुन्हा उभे राहिले, विहिरींना पाणी आले, शेती दुबार झाली. २००४ पासून येथे वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. करटोली, कुरडू, बांबूचे कोंब शिजवून आणणाऱ्या या बायका पोषणतज्ज्ञ म्हणून कोणत्याही परिषदेत बोलावल्या जात नाहीत. चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, हे योग्यच झाले.

प्रश्न असा, की ज्या गावाला बक्षीस द्यायचे, त्या गावाचे सूत्र धोरणात का उतरत नाही? इंग्रजांनी १८६५ पासून कायदे करून जंगल सरकारी मालकीचे केले आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्याला त्यात घुसखोर ठरवले. स्वतंत्र भारताने तोच १९२७ चा कायदा जपला. ग्रामसभेला वनहक्क मिळायला २००६ साल उजाडावे लागले.

पाण्याची कथा वेगळी नाही. पांझरेच्या काठी तीनशेहून अधिक वर्षे फड पद्धत नांदली. बंधाऱ्याखालील शेतीचे तीन-चार फड पाडायचे, कोणत्या फडात कोणते पीक हे गावाने ठरवायचे, पाटकऱ्याने पाणी फिरवायचे आणि पाटांची डागडुजी साऱ्यांनी मिळून करायची. मोठा बागायतदार असो वा बिघाभर जमिनीचा धनी, पाळी सर्वांना. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि ही पद्धत बहुतेक ठिकाणी मोडकळीस आली. सामायिक संपत्ती लोक स्वतः नियम करून सांभाळू शकतात, हे दाखवून देणाऱ्या अमेरिकी विदुषी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पांझरेच्या पाटकऱ्याला यात नवे काय वाटले असते?

मात्र पाश्चात्त्यांकडे बोट दाखवून सुटका होत नाही. जागतिक भूक निर्देशांकाच्या चार निकषांपैकी तीन केवळ बालकांविषयीचे आहेत, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यामुळे धडगाव-अक्कलकुव्यातील एकाही कुपोषित बालकाचे वजन वाढत नाही. भारताच्याच प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरे झाले, आणि इकडे खानदेशात दादरचे शिवार कापसाने व केळीने खाल्ले. कळण्याची भाकरी आता सणासमारंभात हौसेने मागवली जाते!

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले, याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच. पण त्या केळीचे आगर असलेल्या रावेर आणि यावल तालुक्यांत भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक आहे, असे सरकारी भूजल मूल्यमापनच सांगते. ठिबकने पाणी वाचले, आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लागली. तेथे रोमने काही केले नाही, इंग्रजही नाहीत. विंधन विहीर ज्याची त्याची, तिचे पाणी मात्र साऱ्या शिवाराचे. फडामध्ये एखाद्याने पाळी मोडली तर पाटकरी त्याचे पाणी अडवीत असे आणि गाव पाटकऱ्याच्या पाठीशी उभे राहत असे. रावेरात आज सहाशे फुटांच्या खाली जाणाऱ्याला 'थांब' म्हणणारा कोण आहे, आणि त्याच्या पाठीशी कोण उभे राहील?