रूप आमचे, मोल त्यांचे

अलीकडे एक तक्रार वारंवार कानी येते. ती अशी, की संगणकावरील भूमिकाप्रधान खेळ खेळणारा आजचा खेळाडू सुखासीन झाला आहे. त्याला कष्ट नकोत, वाट चुकणे नको, हरणे तर नकोच नको. त्याला हवा केवळ एक आरसा, आणि त्या आरशात लहर लागेल तेव्हा पालटता येईल असा चेहरा. ही तक्रार दोन दिशांनी येते. एक, खेळ रचणारे व त्यांची भलामण करणारे यांच्याकडून; आणि दुसरी, आपल्याच समाजातील वडीलधाऱ्यांकडून, ज्यांना त्या खेळांची नावेही ठाऊक नसतात, परंतु 'सोय' हा शब्द उच्चारला जाताच ज्यांना ऱ्हासाची चाहूल लागते. या दोन्ही पक्षांविरुद्ध खेळाडूचे वकीलपत्र मी येथे घेत आहे. पक्षकार तरुण आहे, प्रसंगी उद्धटही आहे. परंतु त्याची बाजू खरी आहे.

प्रथम थोडी वस्तुस्थिती. इ. स. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. कागद, पेन्सिल आणि फासे एवढेच त्याचे साहित्य. मंडळी भोवती बसत. प्रत्येकजण आपापले पात्र घडवी. पात्राचे बळ, बुद्धी, चापल्य फाशांवर ठरे. नाव, रूप आणि स्वभाव मात्र ज्याचे त्याने कल्पावयाचे. मग एकजण कथा पुढे नेई आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलत. देवळाच्या दहीकाल्याला दशावतारी नट लेखी संहितेवाचून रात्रभर संवाद रचतो हे ज्याने ऐकले आहे, त्याला या कल्पनेत परके वाटण्यासारखे काही नाही. आणि तो नट आपला चेहरा कोणाच्या परवानगीने रंगवतो? स्वतःच्याच हाताने, समोर एक लहानसा आरसा धरून!

हाच खेळ पुढे संगणकावर गेला. १९८५ साली रिचर्ड गॅरियट यांच्या 'अल्टिमा' मालिकेतील चौथा खेळ निघाला. त्याचे उपनाव 'क्वेस्ट ऑफ द अवतार'. त्यात आरंभी एक भविष्यवेत्ती खेळाडूला नीतीचे पेच घालते. सत्य मोठे की करुणा, शौर्य मोठे की न्याय, अशी निवड करीत गेले की त्यावरून पात्र ठरते. खेळाचे उद्दिष्ट एखाद्या दुष्टाचा वध हे नसून आठ सद्गुण आचरणात आणणे हे आहे. त्याच सुमारास लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट'नेही पडद्यावरील खेळाडूच्या आकृतीस 'अवतार' हेच नाव दिले, आणि आज जगभर तो शब्द त्याच अर्थाने रूढ आहे. आपल्यातील काहींना या उसनवारीने क्लेश होतात. मला होत नाहीत. उलट, घरचा शब्द परत हाती आला आहे तर त्याचा अर्थ लावून पाहावा. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन: रूप दर वेळी निराळे, कार्य एकच. रूप पालटले म्हणून शील पालटले असे आपण कधी म्हटलेले नाही. असे असता, एखाद्या मुलीने शंभर तास खेळून झाल्यावर आपल्या पात्राचे केस कापावेसे वाटले, तर तिला चंचल म्हणण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी पोचत नाही.

खेळाडू मागतो तरी काय? खेळ हवा तेथे थांबवून जतन करता यावा. एकदा पायी तुडवलेली वाट दहाव्यांदा तुडवावी लागू नये. पात्राला शिकवलेली विद्या चुकीची निवडली असे कळून आल्यास ती बदलता यावी. चिलखत बळकट असले तरी कुरूप असेल, तर त्याचे बळ राखून दुसरे रूप घेता यावे. अक्षरे वाचता येतील एवढी मोठी असावीत. आणि आरंभी घाईने घडवलेला चेहरा पुढे सुधारता यावा. या मागण्यांत आलस्य कोठे दिसते, हे विरोधकांनी दाखवून द्यावे. संसारी मनुष्याला दिवसाकाठी एखादा तास मिळतो. त्याचा हिशेब तो मागतो, इतकेच.

आणि सोयीचा इतिहास पाहिला तर ही कुरकुर अधिकच हास्यास्पद ठरते. १९८६ साली जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' निघाला तेव्हा खेळ जतन करण्याचे साधन म्हणजे वीस अक्षरांचा एक संकेत असे. त्याला 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' असे भव्य नाव होते. मुलांनी तो वहीत उतरवून घ्यावयाचा, आणि एक अक्षर जरी चुकले तरी सारे श्रम व्यर्थ. १९८८ च्या तिसऱ्या खेळात पेटीच्या पोटातच विद्युत्कोश आला आणि मंत्राची गरज संपली. त्या सोयीमुळे जपानी बालकांचे चारित्र्य ढासळले असे कोणी म्हटल्याचे मला स्मरत नाही. जी सोय कालपरवा आली ती अधःपात, आणि जी आपल्या बालपणी आली ती प्रगती, हा न्याय फार जुना आहे.

आता मुख्य अभियोगाकडे वळतो. कारण माझा खरा रोष वडीलधाऱ्यांवर नाही.

२२ मार्च २०२४ रोजी ओसाका येथील कॅपकॉम कंपनीचा 'ड्रॅगन्स डॉग्मा २' प्रसिद्ध झाला. त्याचे दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो यांची भूमिका आधीपासून स्पष्ट होती. प्रवास कंटाळवाणा वाटतो तो खेळ कंटाळवाणा असल्यामुळे. तेव्हा प्रवास टाळण्याची सोय देण्यापेक्षा प्रवासच रंजक करावा, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे मला मनापासून आवडते. घाटातल्या वळणावर अवचित राक्षस भेटावा, रात्र पडावी, दिवटीतले तेल संपत यावे, हीच त्या खेळाची गोडी आहे. क्षणात परगावी पोचविणारे स्फटिक त्यात आहेत, परंतु दुर्मिळ. एरवी बैलगाडी किंवा पायपीट. येथवर कलावंताचा हक्क आहे आणि त्यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही.

परंतु ज्या दिवशी खेळ निघाला त्याच दिवशी दुकानात त्याच्या शेजारी काय मांडले होते? जाण्याचे ठिकाण ठरवून देणारा एक स्फटिक, रोख पैशांत. मेलेल्याला उठविणारा दगड, रोख पैशांत. आणि चेहरा बदलण्याची पोथी, तीही रोख पैशांत, सुमारे दोन डॉलरला. खेळाची मूळ किंमत अमेरिकेत सत्तर डॉलर घेऊन झाल्यावर! बरे, त्या वेळी जतन करण्याची जागा एकच, आणि एकदा खेळ सुरू केल्यावर नव्याने आरंभ करण्याचा पर्यायही यादीत नव्हता. म्हणजे पहिल्या अर्ध्या तासात नाक वाकडे घडले तर ते वाकडेच वागवायचे, नाहीतर खिशात हात घालायचा.

कंपनीचा बचाव असा, की या वस्तू खेळातही मिळतात. पैसे देण्याची सक्ती कोणावर नाही. बचाव वस्तुस्थितीला धरून आहे. ती पोथी खेळातील पाचशे स्फटिकांना मिळे. परंतु तो बचाव जितका शब्दशः खरा तितकाच मूळ प्रश्न चुकवणारा आहे. वाट लांब असणे ही कला आहे असे एका हाताने सांगायचे, आणि दुसऱ्या हाताने ती वाट आखूड करण्याचे भाडे लावायचे, यातील कोणते विधान प्रामाणिक मानावे? दिग्दर्शकाच्या तत्त्वाला खरा दगा दिला तो खेळाडूने नव्हे, त्याच्याच दुकानाने. न्यायाधीश ज्या खटल्याचा निवाडा करतो त्यात त्याचा स्वतःचा आर्थिक संबंध नसावा, हा न्यायशास्त्राचा पहिला धडा आहे. खेळात किती अडचण असावी याचा निवाडा करणारा जर अडचण सोडविण्याच्या किल्ल्या विकत असेल, तर त्याच्या निवाड्यावर विश्वास कोणी व का ठेवावा?

खेळाडूंनी गदारोळ केला, कंपनीने क्षमा मागितली, आणि अल्पावधीत सुधारित आवृत्तीत त्या पोथीची खेळातील उपलब्ध संख्या नव्व्याण्णव करण्यात आली; नव्याने आरंभ करण्याची सोयही आली. नव्व्याण्णव! म्हणजे तुटवडा हा कलेची गरज नव्हता. एका आकड्याच्या दुरुस्तीने तो मिटला. हा कबुलीजबाबच मानला पाहिजे. तरीही त्याच कंपनीचा 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स' फेब्रुवारी २०२५ मध्ये निघाला तेव्हा मुखवट्याची मूळ ठेवण बदलण्याची पहिली चिठ्ठी फुकट आणि पुढच्या विकत, असाच प्रकार होता.

याउलट उदाहरणे आहेत, आणि तीही यशस्वी खेळांची. बेल्जियममधील घेंट शहरातल्या लॅरियन संस्थेचा 'बाल्डर्स गेट ३' ऑगस्ट २०२३ मध्ये आला. त्यात विदर्स नावाचा एक सांगाडा शंभर सुवर्णनाणी घेऊन तुमची सारी विद्या नव्याने वाटून देतो. ती नाणी खेळातलीच, आणि थोड्याच भटकंतीत मिळणारी. रूप बदलण्याची मागणी झाली तेव्हा त्याच महिन्याच्या अखेरीस तळावर एक जादूचा आरसा उभा राहिला, विनामूल्य. वॉर्सामधील 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये निघाला तेव्हा चेहरा एकदा घडवला की कायमचा होता. फेब्रुवारी २०२२ च्या सुधारणेने घरातल्या आरशातच तो बदलता येऊ लागला.

येथे तपश्चर्यावादी पुढे सरसावतात. काठिण्याशिवाय सिद्धी नाही, असे ते म्हणतात, आणि टोकियोच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा दाखला देतात. २०१९ च्या 'सेकिरो'त सोपी पातळी असावी की नसावी यावर मोठा वाद झाला. खेळात ती ठेवली नव्हती, आणि वर्षअखेर त्यालाच वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. दाखला मान्य. पण त्याच संस्थेचा २०२२ चा 'एल्डन रिंग' उघडून पाहावा. शत्रू तसेच निर्दय. सोपी पातळी नाही. विद्या पुन्हा वाटून घेण्याची सोय आहे, परंतु त्यासाठी लागणारी वस्तू मोजकीच. आणि चेहरा बदलणे? फुकट, आणि हवे तितके वेळा. कठोरातल्या कठोर गुरूलाही हे कळते की शिष्याने शेंडी कशी बांधावी याचा तपाशी संबंध नाही. तपश्चर्यावाद्यांनी आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी केलेली दिसत नाही.

खेळाडूंच्या सर्वच मागण्यांना मी मान डोलावतो असे मात्र नाही. २००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये वाट शब्दांत सांगितलेली असे: पुलापर्यंत जा, खडकाजवळ उजवीकडे वळा. चार वर्षांनी आलेल्या 'ऑब्लिव्हियन'ने होकायंत्रावर बाण दिला, आणि खेळाडू डोंगर पाहण्याऐवजी बाण पाहू लागला. तो बाण बंद करता यावा आणि तरीही वाट सापडावी, एवढी शब्दांची मेहनत रचणाऱ्याने घ्यावी असे मला वाटते. (योगायोग असा, की याच 'ऑब्लिव्हियन'ने एप्रिल २००६ मध्ये घोड्याचे शोभेचे चिलखत अडीच डॉलरला विकायला काढले, आणि तेव्हा झालेली थट्टा अजून विसरली गेलेली नाही.) तसेच केलेल्या कर्माचे फळ पुसून टाकणारी सोयही मला रुचत नाही. विदर्स तुमची विद्या बदलतो. तुम्ही ज्याला मारले त्याला तो तुमच्या सोयीसाठी निर्दोष जिवंत करीत नाही. रूप आणि विद्या खेळाडूची, कर्म मात्र कथेचे, ही सीमारेषा मला योग्य वाटते. त्याहून कठोर व्रत हवे असेल त्याच्यासाठी त्याच खेळात नोव्हेंबर २०२३ पासून 'ऑनर मोड' आहे. जतन एकच, माघार नाही. पण ते व्रत ज्याने त्याने संकल्पपूर्वक घ्यावयाचे. लादलेल्या उपवासाला आपण एकादशी म्हणत नाही.

आता कायद्याविषयी, कारण तो माझा व्यवसाय आहे. खेळ 'विकत घेतला' असे आपण म्हणतो, परंतु बहुधा आपल्या हाती येतो तो केवळ वापराचा परवाना. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा परवाना देताना, ही मालकी नव्हे असे स्पष्ट सांगितल्याखेरीज 'खरेदी' हा शब्द वापरण्यास बंदी आहे. आपल्याकडे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथा व अनुचित करार या दोन्हींची व्याख्या आहे. मात्र अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. दोन डॉलरच्या आरशासाठी तेथवर कोण जाणार? विक्रेत्याची भिस्त नेमकी यावरच असते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली व तेरा प्रकार नमूद केले: खोटी घाई, टोपलीत न मागता माल घालणे, किंमत थेंबाथेंबाने उघड करणे इत्यादी. आधी मुद्दाम अडचण निर्माण करावी व मग तिचा उतारा विकावा, हा प्रकार त्यात स्वतंत्रपणे नाही. २०२५ चा ऑनलाइन खेळांविषयीचा केंद्रीय अधिनियम पैशाच्या डावांवर रोखलेला आहे. त्याचा येथे उपयोग नाही.

तेव्हा चौदावा प्रकार त्या यादीत घालावा अशी माझी मागणी आहे. ते होईपर्यंत निदान विक्रीच्या पानावर, किमतीच्या शेजारी आणि त्याच आकाराच्या अक्षरांत, चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: खेळ किती ठिकाणी जतन करता येतो, नव्याने आरंभ करता येतो की नाही, रूप पुढे बदलता येते की नाही, आणि येत असल्यास ते या किमतीत आहे की वेगळ्या. मसाल्याच्या पुडीवर वजन व घटक छापावे लागतात, आणि त्यासाठी जागा अपुरी पडल्याची तक्रार कोणा दुकानदाराने केलेली नाही.