चौघांनीच भिडावं, सात जणांनी मागे थांबावं



परवा रात्री न्यू जर्सीहून फोन आला. आमचे जुने सुभेदार साहेब, सातारकडचे, निवृत्तीनंतर सध्या मुलाकडे तिकडे आहेत. थंडीत बाहेर पडता येत नाही, म्हणून नातवाबरोबर टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल बघायला लागले आणि आता तर मलाच नियम समजावून सांगतात. नातू कॅन्सस सिटी चीफ्सचा, म्हणून आजोबाही चीफ्सचे. मी फिलाडेल्फिया ईगल्सचा हे त्यांना ठाऊक आहे. म्हणाले, "अरे, येत्या रविवारी तुम्हाला जिंकायचं असेल तर एकच उपाय. त्या महोम्सवर सात-आठ जणांनी तुटून पडायचं. श्वास घेऊ द्यायचा नाही. नाहीतर झोपा निवांत."

मी "जी साहेब" म्हणालो. साहेबांसमोर दुसरं काही तोंडातून निघतच नाही. पण पटलं नाही. फोनवर जे बोलता आलं नाही ते इथे लिहितो.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना हा खेळ म्हणजे हेल्मेट घातलेली धक्काबुक्की वाटते. मलाही वाटायची. थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात, त्याला डाऊन म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नवे चार. क्वार्टरबॅक हा सेनापती, चेंडू फेकायचा की कुणाच्या हातात द्यायचा ते तो ठरवतो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे असतात. समोरच्यांनी ती भिंत फोडून, चेंडू हातात असतानाच त्याला आडवा केला, तर तो सॅक. आणि भिंत फोडायला नेहमीच्या चौघांऐवजी मागचे दोन-तीन गडीही एकदम सोडले, तर तो ब्लिट्झ. साहेब म्हणतात ते हेच.

मला हा खेळ शिकवला औलीत. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथे अमेरिकन सैन्याबरोबर 'युद्ध अभ्यास' झाला, तेव्हा मी होतो. त्यांच्यातला एक सार्जंट फिलाडेल्फियाचा. संध्याकाळी लंगराच्या टेबलावर एका बाजूला अकरा शेंगदाणे, दुसऱ्या बाजूला अकरा चणे मांडायचा आणि चाली दाखवायचा. मोडकं हिंदी, मोडकं इंग्रजी, पण फौजी माणसाला नकाशा कळतो. त्याच दिवसांत ईगल्स इंडियानापोलिसला १७-१६ असे कसेबसे जिंकले होते, तर गडी दिवसभर हवेत. त्याने मला एकच गोष्ट बजावली होती: चेंडूकडे बघू नकोस, मधल्या भिंतीकडे बघ, निकाल तिथे आधी लागतो. जाताना एक हिरवी लोकरी टोपी देऊन गेला. ती अजून ट्रंकेत आहे.

तीन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, हेच दोन संघ सुपर बोलमध्ये भिडले. मध्यंतराला ईगल्स २४-१४ असे पुढे होते. मी खूश. शेवटी ३८-३५ ने हरलो. आठ सेकंद उरले असताना चीफ्सच्या बटकरने फील्ड गोल मारला आणि खेळ संपला. त्या मोसमात ईगल्सनी ७० सॅक केले होते आणि त्या रात्री किती? शून्य. महोम्स दुखऱ्या घोट्यावर लंगडत होता, तरी एकदाही चेंडूसकट त्याला जमिनीवर आणता आलं नाही. ॲरिझोनातलं ते मैदान निसरडं होतं, दोन्हीकडचे गडी घसरत होते, हे खरं. या वेळी सामना न्यू ऑर्लिन्सच्या छताखालच्या सुपरडोममध्ये, कृत्रिम हिरवळीवर आहे. घसरलो म्हणायची सोय नाही.

आता साहेबांचा मुद्दा. महोम्सवर ब्लिट्झ करा. हा मोह प्रत्येक सेक्शन कमांडरला होतो. समोर एक मोर्चा त्रास देतोय, हाताशी राखीव माणसं आहेत, द्या सगळी झोकून. मी स्वतः एका सरावात हे केलं आहे. राखीव माणसं पहिल्या अर्ध्या तासातच पुढे काढली आणि 'शत्रू' डाव्या हाताच्या नाल्यातून चालत आला. पळत नाही, चालत. अंपायर साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "अब कौन रोकेगा इनको?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

महोम्सला तो नाला दिसतो. तुम्ही दोन गडी जास्त सोडले की कुठली जागा मोकळी झाली हे त्याला सगळ्यांत आधी कळतं आणि चेंडू तिथे जातो, बहुतेक वेळा ट्रॅव्हिस केल्सीकडे. त्याला खऱ्या अर्थाने कोणी बांधून ठेवलं असेल तर ते टँपा बेच्या संघाने, फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये. निकाल ३१-९, चीफ्सचा एकही टचडाऊन नाही. त्या दिवशी चीफ्सच्या भिंतीच्या दोन्ही टोकांचे नेहमीचे गडी जखमी होऊन बाहेर होते, आणि टँपाने ब्लिट्झ जवळजवळ केलाच नाही. चौघे पुढे, सात मागे. महोम्स मागे मागे पळत राहिला, कारण फेकायला मोकळा गडीच सापडेना.

ईगल्सचा बचाव सांभाळणारे विक फँजिओ हीच पद्धत मानतात. मोठी चाल अडवा, छोट्या द्या, आणि त्याला दहा-बारा पावलं चालत यायला लावा. कुठेतरी पाय अडखळतोच. यंदा सगळ्यांत कमी यार्ड देणारा बचाव याच ईगल्सचा आहे. पण एक बोचरी गोष्टही सांगायला हवी: फँजिओ महोम्ससमोर आजवर आठ वेळा उतरले आणि आठही वेळा हरले. साहेबांनी फोनवर हेच तोंडावर मारलं. माझं म्हणणं एवढंच, की त्या आठ वेळा त्यांच्या हाताशी हे चौघे नव्हते.

कोण हे चौघे? मध्यभागी जेलन कार्टर, त्याला एकट्याने रोखणं कुणालाच जमत नाही, दोघे लावावे लागतात. शेजारी मिल्टन विल्यम्स, कडेने जॉश स्वेट आणि नोलन स्मिथ. चीफ्सची भिंत यंदा डागडुजीची आहे. डाव्या टोकाला कोणी टिकेना, म्हणून त्यांनी जो थूनीला, जो मुळात आतल्या जागेचा गडी, टोकाला नेलं आणि त्याच्या जागी कच्चा गडी उभा केला. एका भोकाला ठिगळ लावायला दुसरीकडचं कापड कापलं. कार्टर त्या आतल्या जागेवर आणि स्वेट उजव्या टोकाच्या जवान टेलरवर, असं जमलं तर चौघे पुरतात. नाही जमलं, तर दुसऱ्या क्वार्टरमध्येच ब्लिट्झचा मोह होईल. तेव्हा फँजिओंनी तो आवरला पाहिजे. माझ्या मते सामना त्या पंधरा मिनिटांत आहे.

मागच्या सातांसाठी एक जुना धडा आहे. २०२३ ला चीफ्सचे शेवटच्या क्वार्टरमधले दोन टचडाऊन जवळपास एकाच चालीचे होते: गडी आत धावल्यासारखं करतो, बचाववाला त्याच्यामागे आत जातो, हा उलटा वळून बाहेर येतो तर आसपास चिटपाखरू नाही. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. आपण एकाच खड्ड्यात दोनदा पडलो. यंदा कडेला क्विन्यॉन मिचेल आणि आत कूपर डिजीन, दोघेही पहिल्या वर्षाचे पोरगे. एकमेकांशी बोलत राहायचं, तुझा की माझा ते ओरडून सांगायचं, रात्रीच्या पहाऱ्यासारखं. डिजीनचा सामन्याच्याच दिवशी बाविसावा वाढदिवस आहे, आणि गंमत म्हणजे सेक्वॉन बार्कलीचा अठ्ठाविसावाही त्याच दिवशी.

बार्कलीचं नाव निघालं म्हणून सांगतो. साहेबांना तो आवडतो, चीफ्सचे असूनही. चेंडू घेऊन धावणारा हा गडी यंदा नेहमीच्या मोसमात २००५ यार्ड धावला. प्लेऑफचे तीन सामने धरून २४४७. अजून ३० धावला की टेरेल डेव्हिसचा १९९८ चा विक्रम मोडेल. वॉशिंग्टनविरुद्ध पहिल्याच चालीत ६० यार्ड पळत टचडाऊन. पण सार्जंटचं ऐकून मी त्याच्याकडे न बघता भिंतीकडे बघतो. डाव्या टोकाला जॉर्डन मायलाटा आहे, ऑस्ट्रेलियाचा, रग्बी लीग खेळणारा. ईगल्सनी २०१८ मध्ये त्याला घेतलं तेव्हा तो हा खेळ एकदाही खेळलेला नव्हता. आज त्याच्यासारखे गडी हाताच्या बोटांवर मोजावेत. आपल्या रस्सीखेचीत जसं, जो जास्त वाकतो आणि टाच रोवतो तो ओढून नेतो, तसंच या भिंतीचं. सव्वासहा फुटांवरचे गडी गुडघ्यात वाकून समोरच्याच्या छातीखाली शिरतात, ते बघण्यासारखं असतं.

म्हणून चेंडू बार्कलीला द्या, पहिल्या तीन-चार वेळा दोन-दोन यार्ड मिळाले तरी देत राहा. तो पळेल तितका वेळ महोम्स बाकावर बसेल. चीफ्सच्या बचावाचे प्रमुख स्टीव्ह स्पॅग्नुओलो मात्र साहेबांच्या पंथाचे, ब्लिट्झचे भक्त. उपांत्य सामन्यात बफेलोची शेवटची आशा त्यांनी चौथ्या डाऊनवर ब्लिट्झ सोडूनच मोडली. ते जेलन हर्ट्सवर नक्की माणसं सोडणार. हर्ट्सला सवय आहे चेंडू हातात धरून ठेवायची. या वेळी धरायचा नाही. माणसं आली म्हणजे त्यांच्या मागची जागा रिकामी आहे, तिथे ए. जे. ब्राऊन किंवा डेव्होंटा स्मिथ असेल. फेकून मोकळं व्हायचं. २०२३ ला हर्ट्स सुंदर खेळला, स्वतः पळून तीन टचडाऊन केले, पण एकदा चेंडू त्याच्या हातातून आपोआप निसटला आणि निक बोल्टनने तो उचलून थेट टचडाऊन केला. तीन गुणांनी हरलेल्या सामन्यात ते सात गुण. यंदा प्लेऑफच्या तिन्ही सामन्यांत ईगल्सनी चेंडू एकदाही घालवलेला नाही. चौथ्यांदाही तेच करायचं आहे.

अजून एक, ज्यावर मला झोप लागत नाही. आपला किकर जेक इलियट यंदा ५० यार्डांपलीकडून सातपैकी एकदाच यशस्वी झाला. तेव्हा प्रशिक्षक सिरियानींनी लांबून लाथ मारायचा हट्ट सोडावा. चौथ्या डाऊनला एक यार्ड हवा असेल तर आपली ती ढकलाढकली आहेच: हर्ट्स खाली वाकून घुसतो आणि मागून दोघे त्याला रेटतात. लोक नावं ठेवतात, बंदी घाला म्हणतात. आधी थांबवून दाखवा.

आणि दहा गुणांची आघाडी मिळाली म्हणून कोणी हात सैल सोडू नयेत. महोम्सने जिंकलेल्या तिन्ही सुपर बोलमध्ये चीफ्स कधी ना कधी दहा गुणांनी मागे होते. तिन्ही! यंदा एका फटक्याच्या, म्हणजे आठ गुणांच्या आतल्या फरकाचा एकही सामना ते हरलेले नाहीत. शेवटच्या दोन मिनिटांत गाठ पडली तर त्यांचा हात वर असतो, हे कबूल करायला लाज कसली. म्हणून सतरा पुढे असलो तर चोवीस कसे होतील ते बघायचं.

चीफ्स जिंकले तर लागोपाठ तीन सुपर बोल जिंकणारा तो पहिला संघ ठरेल. त्यांचे अँडी रीड १९९९ ते २०१२ अशी चौदा वर्षं ईगल्सचे प्रशिक्षक होते. फिलाडेल्फियाने त्यांना निरोप दिला आणि त्यांनी कॅन्ससला जाऊन तीन सुपर बोल जिंकले. आपल्याकडेही असे साहेब असतात, बदली झाल्यावर किंमत कळते. त्यांच्याबद्दल मला वाईट बोलवत नाही. पण एक सोमवार त्यांनी हरावं एवढी इच्छा आहे.

सामना आपल्याकडे सोमवारी, १० फेब्रुवारीला पहाटे पाचला सुरू होतो. साडेसहाला पीटी आहे, म्हणजे मध्यंतर गाठेन, शेवट नाही. इथे आसामात सिग्नल आला तर आला. पोरांना सांगून ठेवलंय, पीटीत मला निकाल कोणी सांगायचा नाही, नाश्त्याला सांगा. माझा अंदाज २७-२३, ईगल्स. साहेबांशी एक किलो साताऱ्याच्या कंदी पेढ्यांची पैज लागली आहे. ते म्हणाले, हरलो तर मे महिन्यात गावी आल्यावर स्वतः घरी आणून देईन. मी हरलो तर रजेवर आल्यावर मला त्यांच्या दारात पेढे घेऊन उभं राहायचंय, डोक्यावर ती हिरवी टोपी घालून. अट त्यांची.

जय हिंद.